पेडल स्टीलच्या सळया आणि आटे: टूलरूमवाल्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

पेडल स्टील गिटार म्हणजे पायाच्या पेडलांनी तारांचा सूर बदलणारी गिटार. तिच्या पोटाखालच्या सळयांवर हाताने आटे कसे पाडावेत, हे मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही चांगलीच खरमरीत प्रतिक्रिया दिलीत. नाशिकच्या सातपूरमधल्या टूलरूममध्ये (हत्यारं-साचे बनवण्याच्या विभागात) उभी हयात गेलेला माणूस एवढं मनापासून लिहितो, तेव्हा उत्तर दोन ओळींत उरकणं बरं नाही. तुमचं म्हणणं असं: स्टेनलेसवर हाताने डाय (बाहेरचे आटे कापणारं हत्यार) फिरवली की आटे वाकडे जातात. इंची डाय शोधण्यापेक्षा सळीची जाडी जराशी कमी करून एम-3 चे, म्हणजे 3 मिमी व्यासाचे मेट्रिक आटे पाडले असते तर काम कधीच संपलं असतं. आणि मुळात हे काम लेथचं, घरच्या वाइसवर (शिकंज्यावर) करायला सांगून मी लोकांचं मटेरियल वाया घालवतोय.

एम-3 चा मुद्दा आधी घेतो, कारण तिथे मी जराही मागे हटणार नाही.

एम-3 मजबुतीत कमी पडत नाही, हे तुमचं अगदी खरं. या सळया 1/8 इंचाच्या, म्हणजे 3.175 मिमी. त्यांच्यावर 5-40 चे आटे आहेत, म्हणजे इंची मापातले 5 नंबरचे, इंचात चाळीस. दोन्ही प्रकारांत आट्यांच्या मुळाशी उरणारा गाभा साधारण 2.4 मिमीच भरतो. एका फेऱ्यात 5-40 चा नट 0.635 मिमी सरकतो, एम-3 चा 0.5, म्हणजे सूर लावायला एम-3 थोडा बारीकच. हेही मान्य.

पण सळी काय करते ते पाहा. पेडल दाबलं की गिटारच्या पोटाखालचा बेल क्रँक (छोटी तरफ) फिरतो, तो सळीला ओढतो आणि सळीच्या टोकाचा षटकोनी नायलॉन नट चेंजरच्या (सूर बदलणाऱ्या यंत्रणेच्या) फिंगरला, म्हणजे ज्यावर तार बसते त्या हलत्या तुकड्याला खेचतो. तार ताणली जाते, सूर चढतो. ई-9 या नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये (तारा जुळवण्याच्या पद्धतीत) पहिल्या पेडलने पाचवी आणि दहावी तार बी वरून सी शार्पवर जाते, आणि ती बरोबर सी शार्पवरच थांबावी म्हणून तो नट फिरवून जागेवर आणायचा असतो. त्या नटात आतून 5-40 चे आटे आहेत. तो एम-3 वर चढवला तर पहिले दोनतीन फेरे जातो, मग पिच (दोन आट्यांमधलं अंतर) जुळत नाही म्हणून अडतो. जोर लावला की नायलॉन मऊ असल्यामुळे आतले आटे चेंगरतात आणि नट कायमचा सैल होतो. वादकाने सूर लावून ठेवायचा आणि दोन गाणी वाजवली की पेडलचा सूर उतरलेला.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. एकाच फिंगरला दोनतीन पेडलांच्या सळया आलेल्या असतात. एक पेडल दाबलं की फिंगर हलतो, पण बाकीच्या सळया जागच्या जागी राहतात आणि फिंगरचं भोक त्यांच्यावरून सरकत मागे जातं. तुमच्या पद्धतीने टोक 3 मिमीवर आणलं तर आटे संपतात तिथे पायरी तयार होते, आणि भोकाची कड नेमकी त्या पायरीवर अडकू शकते. 5-40 मध्ये आट्याचा माथा सळीच्याच जाडीचा, त्यामुळे पायरीचा प्रश्नच येत नाही. ज्याने हे माप ठरवलं त्याने विचार करूनच ठरवलं आहे. गिटारमध्ये बाकीच्या सगळ्या सळया त्याच मापाच्या असताना दोनच वेगळ्या करून ठेवायच्या, म्हणजे पुढे जो कुणी हे वाद्य उघडेल त्याला फसवणंच झालं.

डाय मिळत नसेल त्यांच्यासाठी एक वाट आहे, आणि ती तुम्हाला माझ्याआधी माहीत असणार. जुन्या टूल्सच्या दुकानात 1/8 व्हिटवर्थची (जुन्या ब्रिटिश मापाची) डाय सापडते. व्यास तोच, इंचात आटेही चाळीसच. फरक आट्याच्या कोनाचा, व्हिटवर्थचा 55 अंश आणि 5-40 चा 60. नट नायलॉनचा असेल तर एवढा फरक तो सांभाळून घेतो. धातूचा नट असेल तर मात्र ही तडजोड करू नये.

आता वाकड्या आट्यांबद्दल. नुसती डाय हातात धरून सळीवर टेकवली तर ती तिरकी बसणारच, इथे तुमच्याशी वाद नाही. म्हणूनच मी पितळेच्या बुशबद्दल (सळीला सरळ धरणाऱ्या छोट्या नळीबद्दल) लिहिलं होतं. डायच्या हँडलमध्ये, सळी आत शिरते त्या बाजूला 3.2 मिमी भोकाचा बुश बसवायचा. सळी आधी बुशमधून जाते, मग डायला भेटते, त्यामुळे तिला तिरकं व्हायला जागाच राहत नाही. टोकाला कानशीने छान निमुळती चॅम्फर द्यायची. जमलं तर सळी 3.1 मिमीच्या आसपास घ्यायची, कारण कापताना आट्याचा माथा थोडा फुगतो. डाय चिरेची, म्हणजे एका बाजूने कापलेली असेल तर पहिल्या फेरीला स्क्रूने थोडी उघडायची, दुसऱ्या फेरीला मापावर आणायची.

304 स्टेनलेसचा खरा त्रास वेगळाच आहे. ते घासलं की कडक होतं. बोथट डाय कापायचं सोडून जागेवर घासत राहिली की तो भाग इतका टणक होतो की पुढे नवी डायही दात टाकते. म्हणून गंधकाचं कटिंग ऑइल भरपूर, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मागे घेताना कीस तुटल्याची बारीक कट् हाताला जाणवते. ती जाणवली नाही तर थांबून डाय साफ करायची. वाइसच्या जबड्यांना ॲल्युमिनियमच्या पट्ट्या हव्यातच, कारण सळीवर जबड्याचा दात उमटला आणि तिथे बर (धातूची खरबरीत कड) उभी राहिली, तर तीही फिंगरच्या भोकात खरवडणार.

राहिला लेथ. टेलस्टॉकमध्ये (लेथच्या दुसऱ्या टोकाच्या आधारात) डाय होल्डर, सळी स्पिंडलच्या (फिरणाऱ्या दांड्याच्या) पोकळीतून मागे, चकबाहेर (सळी पकडणाऱ्या जबड्याबाहेर) इंचभरच, आणि चक हाताने फिरवायचा. यापेक्षा चांगली पद्धत नाही, आणि ज्याच्याकडे सोय आहे त्याने तसंच करावं. पण दोन सळयांसाठी नाशिकच्या अंबड औद्योगिक भागात कुणाची मशीन अडकवायची? एका वर्कशॉपला मी काम दिलंही होतं. नमुन्याची सळी सोबत देऊनही परत आलं ते एम-3 पाडून, आणि वर 'नट बदलून टाका' हा सल्ला. तो नट नाशिकच्या कुठल्या दुकानात मागायचा?

ही गिटार नाशिकरोडच्या एका वयस्कर वादकाची आहे. तिच्या अजून चार सळया बदलायच्या आहेत. तुमच्याकडे टेलस्टॉकचा डाय होल्डर असेल आणि एखादी दुपार मोकळी असेल तर कळवा. 5-40 ची डाय, नवी सळी आणि नमुन्याचा नट घेऊन मी सातपूरला येतो. एक टोक तुमच्या लेथवर करू, एक माझ्या बुशने, आणि दोन्हींवर तोच नट चढवून पाहू.