‘ताप आला तरी उभं राहायचं’ म्हणणाऱ्यांसाठी

एका चालत्या नाटकाचे शनिवार-रविवारचे दोन प्रयोग नायिकेच्या आजारपणामुळे रद्द झाले आणि तो जुना मजकूर व्हॉट्सअॅपवर पुन्हा फिरू लागला. मला एका दिवसात चार ग्रुपवर आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: बालगंधर्वांची मुलगी गेली तरी त्यांनी प्रयोग केला, आजच्या नटांना साधा ताप आला की प्रयोग रद्द. परदेशात असं कधी होत नाही. मालिकांच्या पैशापुढे निष्ठा संपली. आणि जाहिरातीतल्या नटाच्या जागी दुसरा उभा करणं ही प्रेक्षकांची फसवणूक.

मी बावीस वर्षं मुंबईच्या व्यावसायिक नाटकांत कामं करतेय. बहुतेक दुय्यम भूमिका, तीनदा रिप्लेसमेंट, म्हणजे दुसऱ्या नटीच्या जागी उभं राहणं. एकेका मुद्द्याचं उत्तर द्यावंसं वाटतंय.

बालगंधर्वांचा प्रसंग खरा आहे. १२ मार्च १९११, मुंबई, किर्लोस्कर नाटक मंडळींच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग. त्याच दिवशी त्यांची लहानगी मुलगी गेली आणि ते नाटकाची नायिका भामिनी म्हणून उभे राहिले. वाचताना माझ्याही अंगावर काटा येतो. पण इतकी वर्षं हा प्रसंग सांगितला जातोय आणि त्या बापाला त्या रात्री घरी बसू द्यायला हवं होतं, असं म्हणताना मी कुणाला ऐकलेलं नाही. त्यांनी स्वतःच्या दुःखाचं काय केलं तो त्यांचा निर्णय. तो पुढच्या प्रत्येक नटाकडून वसूल करायचा हक्क आपल्याला कुणी दिला?

‘साधा ताप’ हे शब्द वाचले की मला पार्ल्याच्या दीनानाथ नाट्यगृहाची मेकअप रूम आठवते. आमच्या नाटकातल्या मुख्य नटाला १०२ ताप होता. निर्मात्याचा फोन आला होता, ‘कसंही करून ये, हाऊसफुल्ल आहे.’ दुपारी सलाईन लावून तो संध्याकाळी आला. हातावरची चिकटपट्टी निघेना, म्हणून तिच्यावरच फाऊंडेशन लावलं. पहिला अंक निभावला. दुसऱ्या अंकात आवाज बसायला लागला. प्रत्येक एक्झिटला तो विंगेतल्या स्टुलावर टेकायचा, कपडेपटवाली ताई ओला टॉवेल मानेवर धरायची, आणि मी पुढच्या वाक्याचा पहिला शब्द त्याच्या कानात सांगायचे. शेवटी टाळ्या खूप पडल्या. त्यानंतर दहा दिवस त्याच्या घशातून आवाज फुटला नाही. एक प्रयोग रद्द करायचा, तिथे चार गेले. आणि त्याच निर्मात्यानं त्याला विचारलं, ‘आधी सांगता आलं नाही का?’

तो त्या दिवशी का आला, तेही ऐका. आमच्याकडे महिन्याचा पगार नसतो. प्रयोग झाला तर नाईट, म्हणजे त्या प्रयोगाचं मानधन, मिळते, नाही झाला तर नाही. नेपथ्य लावणारी मुलं, लाइटवाला, कपडेपट, मेकअपमन, सगळ्यांचं तसंच. तो मला म्हणाला होता, ‘माझ्यापायी यांची नाईट नको बुडायला.’ ही निष्ठा नाही तर काय आहे? रोज दिसणारी, कुणी फोटो न काढणारी निष्ठा. आणि तिचा भार एका आजारी माणसाच्या घशावर टाकायचा, ही आमच्या धंद्याची सोय आहे. दौऱ्यांचं तर विचारूच नका. रात्री प्रयोग, मग बस, पहाटे मुंबई, दुपारी दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहात पुन्हा उभं. अभिनेत्री भक्ती बर्वे २००१च्या फेब्रुवारीत वाईहून मुंबईला परतताना द्रुतगती मार्गावरच्या अपघातात गेल्या. त्या बातमीनंतर मी कित्येक महिने बसमध्ये झोपू शकले नाही.

‘परदेशात असं होत नाही’ हे तर साफ चुकीचं आहे. तिथे ते इतकं होतं की त्याची पक्की व्यवस्था आहे. ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, आठवड्याला आठ प्रयोग हा रिवाज. प्रत्येक मोठ्या भूमिकेला अंडरस्टडी, म्हणजे गरज पडली तर ती करायला तयार असलेला नट, असतो, शिवाय पाच-सात भूमिका पाठ असलेले ‘स्विंग’ असतात, आणि त्यांना त्याचा पगार मिळतो. आज अमुक भूमिका अमुक करणार, हे प्रेक्षकांना आधी सांगतात. डिसेंबर २०२१मध्ये ‘द म्युझिक मॅन’ची नायिका कोविडमुळे येऊ शकली नाही. केथी व्हॉयट्को या स्विंगला दुपारी बारा वाजता कळलं आणि रात्री तिनं प्रयोग केला. शेवटी नायक ह्यू जॅकमननं तिला पुढे आणून प्रेक्षकांना सांगितलं की आज हिच्यामुळे पडदा उघडला. ‘फँटम ऑफ द ऑपेरा’चे ब्रॉडवेवर १३,९८१ प्रयोग झाले, तेही भूमिकेतली माणसं बदलत बदलतच.

मग आपल्याकडे अशी माणसं का नाहीत? कारण स्टेजवर न आलेल्या माणसाला नाईट द्यायची कुणाची तयारी नाही. लहान निर्मात्याला ते खरंच झेपत नाही, हे मी मान्य करते. पण ज्यांची नाटकं दर शनिवार-रविवारी भरलेली असतात, त्यांना अर्धी नाईट देऊन एक माणूस तयार ठेवणं अशक्य नाही.

मालिकांच्या मुद्द्यात तथ्य आहे. नाटकाची तारीख महिनोन्‌महिने आधी ठरलेली असताना आदल्या दिवशी ‘शूट लागलं’ म्हणून कळवणं चूकच, त्याची बाजू मी घेणार नाही. पण नाटकाच्या चार-सहा नाइटांवर मुंबईत घरभाडं निघत नाही. दिवसभर घोडबंदर रोडला शूट करून रात्री दादरला तिसऱ्या घंटेला उभे असणारे नट मी कितीतरी पाहिलेत. त्यांच्याबद्दल त्या मजकुरात एक ओळ नाही.

राहिली फसवणूक. ‘नटसम्राट’ १९७०मध्ये डॉ. लागूंनी उभं केलं. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनी त्यातली बेलवलकरांची मुख्य भूमिका केली. ‘ती फुलराणी’तली नायिका मंजुळा भक्ती बर्वेंची, आणि नंतर सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष यांचीही. कोणता प्रेक्षक फसला? न सांगता माणूस बदलला तर ती फसवणूक. म्हणून जाहिरातीत, निदान तिकीट खिडकीवर, नाव स्पष्ट लिहा आणि ज्याला नको असेल त्याचे पैसे परत करा.

माझी पहिली रिप्लेसमेंट बोरिवलीला झाली. पडद्यामागे उभी होते, अनाउन्समेंट झाली आणि प्रेक्षागृहातून एक लांब ‘आँऽऽ’ आला. तो आवाज अजून कानात आहे. काही जण उठून खिडकीवर पैसे घ्यायला गेले, तो त्यांचा हक्कच होता. बाकीचे बसले. पहिली दहा मिनिटं हशा नाही. मग चहाच्या प्रसंगात, मूळ नटीला नेहमी यायचा त्याच वाक्यावर, हशा आला आणि माझे पाय जमिनीला लागले. ती भूमिका मला पाठ होती, कारण दीडशे प्रयोग मी ती विंगेतून ऐकली होती. तालमी दोनच मिळाल्या, त्यांचेही पैसे मिळाले नाहीत.