तेरावं नाव

सोमवारी शाळेच्या फळ्यावर कबड्डीची यादी लागली. बारा नावं. माझ्या लेकीचं त्यात नव्हतं. घरी आली, दप्तर टाकलं आणि पायाची लाल माती न धुताच पडवीत बसून राहिली. "मगे आता रडान काय होतला?" म्हणत आजीने चहा-बटर पुढे सरकवलं. तिच्या लेखी अजून हुतूतूच तो.

सतरा वर्षांखालच्या संघासाठी चाचणीला चाळीसच्या वर पोरी होत्या. आमच्या वेळी सर वर्गात डोकावून विचारायचे, "कोण खेळता रे?" हात वर केला की झालात संघात. कोपऱ्यात उभं राहून घोटा कसा धरायचा, हे आम्ही संघात गेल्यावर शिकलो. आता शिकूनच यावं लागतं. निवडलेल्या बारांतल्या आठजणी क्लबच्या, वर्षभर बूट घालून मॅटवर खेळणाऱ्या. आमच्या पोरीने मॅट पहिल्यांदा बघितलं ते चाचणीच्याच दिवशी. बोनसच्या रेषेपलीकडे पाय टाकताना पडली ती कोपर सोलवटूनच उठली.

सरांना बोल लावत नाही. अख्ख्या हायस्कूलला एकच खेळाचे सर, वर भूगोलाचे तास. दहावीच्या निकालात कोकण विभाग पहिला म्हणून आपण पेढे वाटतो, पण खेळात सिंधुदुर्ग-रत्नागिरी कोल्हापूर विभागात. जिल्हा जिंकून घाट चढलं की समोर सांगली-साताऱ्याच्या पोरी. सर तयार खेळाडूच घेणार.

आणि आपण पालक? २०१४ ला प्रो कबड्डी आली, टीव्हीवर मांड्या थोपटणारे दिसले. दहावीचे ग्रेस गुण, सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण सगळ्यांना तोंडपाठ झालं. "खेळून पोट भरणार काय?" म्हणणारे आता चाचणीला दोरीपलीकडे मोबाईल घेऊन उभे. त्यांत मीही होतो, लपवत नाही.

माझं भांडण निवडीशी नाहीच. ज्या तीस पोरी राहिल्या, त्यांचं काय? यादी लागली त्या दिवसापासून त्यांचा खेळाचा तास गणिताला गेला. "पुढच्या वर्षी बघू" म्हणे. नववीच्या पोरीचं पुढचं वर्ष म्हणजे दहावी, तेव्हा कोण सोडणार मैदानावर? दिवाळीनंतर मैदान सुकलं की वर्गावर्गांचे सामने लावा, दुसरा संघ करा. रेषा आखायच्या फक्कीची एक पिशवी नि एक शिट्टी, याहून जास्त खर्च नाही. मॅट नसलं तरी चालेल. माती आहे ना!

आता खरी गंमत. आमच्या गावच्या हायस्कूलात आठवी ते दहावी मिळून नऊ पोरी. निम्मी घरं मुंबईत, उरलेल्यांनी पोरं तालुक्याला घातली. सेमी-इंग्रजीसाठी मीही घातली. तिथे असती तर आज कॅप्टन असती.

रविवारी गावी गेलो होतो. शाळेमागच्या आवारात सहाजणी सराव करत होत्या, सातवी तापाने पडलेली. त्यांनी हिला हाक मारली. तिथल्या सरांनी विचारलं, "नाव खंयच्या शाळेत?" तिने सांगितलं. सर म्हणाले, "मगे सामन्याक नाय चलाचा. पण आज उभी ऱ्हव उजव्या कोपऱ्यात."

काळोख पडेपर्यंत ती घरी आली नाही.