मोठ्यानं बोल की बे!

पोरगा पायलट आहे म्हटलं की सोलापुरात लोकांना लगेच गॉगल, खांद्यावर चार पट्ट्या आणि चाकाची बॅग ओढत चाललेला हिरो दिसतो. मग मी मोबाइलवर फोटो दाखवतो आणि सगळे एकदम चहाकडं वळतात.

तिकडं कॅरिबियन बेटांवर मी चालवतो ते विमान म्हणजे ब्रिटन-नॉर्मन आयलंडर. पहिल्यांदा उडालं 1965 मध्ये. पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच रुंदीचे, त्याला लटकवलेली 260 हॉर्सपॉवरची दोन पिस्टन इंजिनं, आणि चाकं आत घ्यायची सोयच नाही त्यामुळं पाय कायम लोंबकळत. आत मधून चालायला वाट नाही, बाजूची दारं उघडून आपापल्या सीटवर घुसायचं. काका फोटो बघून म्हणाले, "हे तर फवारणीचं दिसतंय की." राग आला, पण करता काय, ज्या दोघांनी हे बनवलं त्या ब्रिटन आणि नॉर्मनसाहेबांचा आधीचा धंदा पिकांवर फवारणीचाच होता!

आता आवाज. आमचं घर पूर्व भागात, भिंतीला लागून पॉवरलूम, त्यामुळं खडखडाटात झोपायची, अभ्यास करायची, भांडायची सुद्धा सवय. पण लूम निदान लाइट गेली की बंद पडतो. इथं दोन्ही पंखे केबिनच्या कडेलाच गरगरतात, आणि दोन इंजिनांचा आरपीएम, म्हणजे फिरायचा वेग, जरा मागंपुढं झाला की वॉंव वॉंव वॉंव असा घुमारा सुरू, मग लिव्हर केसभर पुढं, केसभर मागं, जुळला म्हणेपर्यंत परत सुरू. हेडसेट असतो हो, पण दाढेत जी थरथर होते तिला हेडसेट काय करणार. सुट्टीला घरी आलो की पहिले काही दिवस मी फोनवर बोललेलं अख्ख्या गल्लीला कळतं, आणि मित्र हळू काही सांगायला लागला की मीच ओरडतो, मोठ्यानं बोल की बे!

त्यात 2025 पासून सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून गोव्याला एटीआर हे मोठं प्रवासी विमान उडायला लागलं. आता मित्र ऐकवतात, "त्यात पाणी तरी विचारतात." माझ्याकडं पाणी विचारणारा मी, बॅगा चढवणारा मी, दारं नीट लागली का बघणारा मी आणि चालवणारा पण मीच. शेजारची को-पायलटची सीट पॅसेंजरला देतो. तिकडं कॅरिबियनमध्ये त्या सीटवर बसलेल्या आजी मांडीवर मासळीची पिशवी घेऊन मला लँडिंगच्या सूचना देतात.

पण एक आहे, छोट्याशा धावपट्टीवरून नऊ माणसं घेऊन हे धूड असं काही उचलतं की शिव्या घशातच राहतात. फक्त वजन सांभाळायचं. विमान, पेट्रोल, मी, माणसं, बोचकी सगळं मिळून 2994 किलोच्या आत, आणि शेपटीकडं भार जास्त होऊन चालत नाही. बायकांना वजन विचारायचं हा माझ्या नोकरीतला सगळ्यात धोक्याचा भाग. जे सांगतील त्यात मी मनातच थोडं वाढवून धरतो.

ही खोड सोलापुरात पण सुटत नाही. परवा एका लग्नाच्या पंगतीत बसल्या बसल्या सगळ्या नातेवाइकांना सीटा वाटून झाल्या, बारकी पोरं मागं, सामान कमी, मामी पुढं.

"काय रे, माझ्याकडं काय बघतोयस एवढं?"

"काही नाही मामी, तुम्ही पुढंच बसा, मागं बसलात तर शेपूट खाली जाईल!"

बोलायचं होतं मनात. निघालं विमानातल्या आवाजात. वाढपी शेंगा चटणीचं भांडं घेऊन तिथंच थांबला.