आयत्या वेळचे विषय, तेही संसदेत!

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला पूर्ण 14 दिवस आधी नोटीस काढावी लागते, सोबत विषयपत्रिका. टाकीच्या दुरुस्तीचा खर्च 'आयत्या वेळचे विषय' मध्ये घुसवला तर तिसऱ्या मजल्यावरचे काका सेक्रेटरीला धारेवर धरतात. आणि देशाचे कायदे करणाऱ्या सभागृहाचं काय? उद्या चर्चेला काय येणार ते आदल्या दिवशी कामकाजपत्रिका निघेपर्यंत धड कळत नाही. ती निघाली तरी सकाळी पुरवणी यादी येते आणि सगळं मुसळ केरात.

5 ऑगस्ट 2019 आठवतोय ना? जम्मू-काश्मीरच्या विभाजनाचं विधेयक राज्यसभेत सकाळी मांडलं आणि संध्याकाळी मंजूरसुद्धा झालं. विधेयकाची प्रत खासदारांना दोन दिवस आधी मिळावी असा दंडक आहे, पण पीठासीन अधिकाऱ्यांनी मुभा दिली की संपला दंडक! सप्टेंबर 2023 चं विशेष अधिवेशन बघा. 31 ऑगस्टला घोषणा झाली. विषय काय, तर तोंडावर बोट. 13 सप्टेंबरला एकदाची यादी आली, तीत महिला आरक्षणाचा उल्लेख नाही. 19 तारखेला तेच विधेयक लोकसभेत हजर! विरोधी खासदार ओरडतायत, प्रत कुठाय, तर म्हणे अपलोड केलीय. अहो, 1996 साली पहिल्यांदा मांडलेलं विधेयक हे. माझा त्याला विरोध नाही, उलट उशीरच झाला. पण 27 वर्षं थांबल्यावर आठवडाभर आधी सांगायला काय धाड भरली होती?

माझं डोकं खरं फिरलं ते एप्रिल 2025 मध्ये. 2 एप्रिलला लोकसभेत वक्फ विधेयकावर दुपारपासून चर्चा, मतदान होईतो मध्यरात्र उलटून गेली. ठीक आहे, मोठा विषय होता, बोलू द्या सगळ्यांना. पण त्यानंतर, रात्री दोनच्या सुमारास, काय काढलं? मणिपूर! राष्ट्रपती राजवटीला मान्यता देण्याचा ठराव. दोन वर्षं जळत असलेलं राज्य, माणसं छावण्यांत, आणि त्यांच्या वाट्याला जेमतेम 40 मिनिटं, तीही जांभया देणाऱ्या सभागृहात. झालं आवाजी मतदान, चला घरी. राज्यसभेतही त्याच आठवड्यात तेच, पहाटेपर्यंत. राजवट 13 फेब्रुवारीला लागली होती आणि दोन महिन्यांत संसदेची मान्यता लागते हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. 10 मार्चपासून अधिवेशन सुरू होतं. दिवसाउजेडी चार तास सापडले नाहीत?

बरं, हे ठरवतं कोण? लोकसभेत कामकाज सल्लागार समिती. अध्यक्ष धरून जास्तीत जास्त 15 सदस्य, कुठल्या विषयाला किती तास ते तिथे ठरतं. पण सरकारी कामातलं कुठलं ताट आधी वाढायचं हे सरकारच्या मनावर. आठवड्याच्या शेवटी संसदीय कार्यमंत्र्यांच्या वतीने पुढच्या आठवड्याच्या सरकारी कामकाजाचं निवेदन होतं. मग एकेक खासदार उठतो आणि कागदावरून वाचतो, 'माझ्या मतदारसंघातील अमुक रेल्वे थांब्याचा विषय पुढील आठवड्याच्या कामकाजात समाविष्ट करावा.' कुणी धरणाबद्दल, कुणी कांद्याबद्दल. सगळं नोंदीत जातं, आणि पुढच्या आठवड्यात त्यातलं काही दिसलं तर नशीब समजा! शुक्रवारी दुपारचे अडीच तास खासगी सदस्यांचे, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारांचे. तिथलं शेवटचं विधेयक कायदा झालं 1970 साली.

पैशांचं तर विचारूच नका. 14 मार्च 2018, लोकसभा. सुमारे 24 लाख कोटींचा अर्थसंकल्प, सगळ्या मंत्रालयांच्या खर्चाच्या मागण्या गिलोटिनखाली, म्हणजे एकगठ्ठा मतदानाला, अर्ध्या तासाच्या आसपास खेळ खल्लास, चर्चा शून्य. गोंधळ चालू होता हे मान्य. मग गोंधळ शमेपर्यंत थांबा की, महिनाअखेरीला अजून दोन आठवडे बाकी होते. शेतकरी तर वर्षभर दिल्लीच्या सीमेवर बसले होते, तरी 29 नोव्हेंबर 2021 ला कृषी कायदे मागे घेतले तेही चर्चेविना, दोन्ही सभागृहांत एकाच दिवशी. आणताना घाई, काढतानाही घाई.

ब्रिटनकडून सगळं उचललं म्हणतात ना? तिथे अधिवेशनात 20 दिवस विषय विरोधक ठरवतात, आणि सरकार दर गुरुवारी पुढचं कामकाज उभं राहून सांगतं, त्यावर उलटतपासणी होते. हे नेमकं उचलायचं राहिलं.

आपल्या नागपूरला तरी काय वेगळं? विदर्भ राज्यात येताना झालेल्या 1953 च्या नागपूर करारामुळे तिथे विधिमंडळाचं अधिवेशन घ्यायचं, म्हणून घ्यायचं. 2024 मध्ये 16 ते 21 डिसेंबर, सहा दिवस. त्यात मोर्चे, पुरवणी मागण्या, हुरडा पार्ट्या, आणि विदर्भावरची चर्चा अधिवेशनाच्या शेपटाला, अर्ध्या रिकाम्या बाकांसमोर.

अधिवेशनांच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवा, असं लोकसभेच्याच एका समितीने 1955 मध्ये सांगितलं होतं. आज विचारा, पुढचं अधिवेशन कधी? घटना फक्त एवढंच सांगते की दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त अंतर नको. बाकी सरकारला वाटेल तेव्हा, वाटेल त्या विषयावर, आणि वाटलं तर रात्री दोन वाजता.