नऊ हजारांच्या साइडबोर्डबद्दल, एक तारा दिलेल्या ताईंना

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला. आधी माफी मागतो. जुलैमध्ये तुमच्याकडे सामान उचलायला सकाळी दहाला येतो म्हणालो आणि टेम्पो पोचला दीड वाजता. मधल्या वेळात तुम्ही चार फोन केलेत, आम्ही एकही उचलला नाही. सकाळच्या घरचं कपाट जिन्यात अडकलं होतं आणि वरून पाऊस, पण ते आमचं दुखणं. तुम्ही ताटकळलात, हे चुकलंच.

आता तुमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. "सासूबाईंचा साइडबोर्ड नऊ हजाराला नेला आणि 'व्हिंटेज डॅनिश', म्हणजे डेन्मार्कचा जुना माल, अशी पाटी लावून बावन्न हजाराला मांडला, ही उघड लूट आहे," असं तुम्ही लिहिलंय. चोवीस वर्षं हे जुन्या फर्निचरचं दुकान चालवतोय. लूट हा शब्द पहिल्यांदाच ऐकला. त्यामुळे उत्तर जरा लांबणार, तेवढं सहन करा.

नऊ हजार मी एकतर्फी ठरवले नव्हते. मी साडेसात म्हणालो, तुम्ही दहा म्हणालात, नवावर जमलं. त्याआधी भंगारवाला दीड हजार देतोय हे तुम्हीच सांगितलंत. इमारत पुनर्विकासाला चाललेली, चार तारखेला बिल्डरला ताबा द्यायचा, घरात पाऊल ठेवायला जागा नाही. "काढा हो एकदाचं," हे तुमचे शब्द. मी तेव्हाही सुचवलं होतं, की हवं तर आमच्याकडे ठेवा, दुरुस्ती आम्ही करू, विकला गेला की खर्च वजा जाता निम्मे तुमचे. तुम्ही म्हणालात, "आता कोण थांबणार? रोख द्या." रोख दिले. पावती तुमच्याकडे असेलच.

तो साइडबोर्ड कुठल्या अवस्थेत होता हे अभिप्राय वाचणाऱ्यांना माहीत नाही, म्हणून सांगतो. सहा फुटांचं बुटकं लांबट कपाट, डावीकडे तीन खण, उजवीकडे दोन सरकती दारं. चार निमुळत्या पायांपैकी एक तुटलेला, तिथे वीट. मागचं प्लायवुड वाळवीने चाळणी झालेलं. आणि वरून खालपर्यंत क्रीम रंगाचा ऑइलपेंट, बहुधा कधीतरी भिंतींबरोबर त्यालाही फासलेला. त्याच्याखाली सागवान आहे हे मला कळलं ते खणाच्या आतल्या कडेवरून, तिथे ब्रश पोचला नव्हता.

खर्च लिहून ठेवायची मला सवय आहे. खरेदी ९,०००. तिसरा मजला, लिफ्ट नाही, चार हमाल आणि टेम्पो मिळून ३,८००. वाळवीचं औषध १,५००. मागचं नवं प्लाय २,२००. पायासाठी जुन्या सागाचा तुकडा ९००. पॉलिशचं सामान २,६००. मिस्त्रींचे सतरा दिवस, रोज बाराशेप्रमाणे, २०,४००. बेरीज ४०,४००. बावन्न हजार ही पाटीवरची किंमत. गिऱ्हाइकाने घासाघीस करून तो ४६,००० ला नेला. राहिले ५,६००, आणि त्यात चार महिन्यांचं जागेचं भाडं धरलेलं नाही.

सतरा दिवस कशाला लागतात, असं दुकानात आलात तेव्हा तुम्ही विचारलंत आणि आमच्या दुकानातला मुलगा हसला. त्याचं हसणं उद्धट वाटलं असेल तर त्याच्या वतीने क्षमा मागतो. पण प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं. त्या फर्निचरवर सागाचं व्हिनिअर आहे, म्हणजे प्लायवर चिकटवलेला सागाचा पातळ थर, पोस्टकार्डाहून थोडासाच जाड. मशीन फिरवलं की दोन मिनिटांत रंगासकट सागही जातो आणि खालचं प्लाय दिसतं. म्हणून मिस्त्री काचेच्या तुकड्याने खरवडत बसले, रेषेच्या दिशेने, वीतभर जागेला तासभर. त्यातच सहा दिवस गेले. मग लाखेचं पॉलिश, म्हणजे चपडा (लाखेचे पापुद्रे) स्पिरिटमध्ये भिजवायचा आणि कापसाच्या बोळ्याने हात मारत राहायचं. हे पावसाळ्यात करता येत नाही, हवेतल्या ओलीने पॉलिशवर पांढरट झाक येते. गणपती उठेपर्यंत माल तसाच झाकून पडून होता. फवारणीचं पॉलिश मारलं असतं तर दोन दिवसांत चकचकीत झाला असता, पण मग तो साग राहिला नसता, हॉटेलातलं टेबल झाला असता.

आता 'डॅनिश'. इथे आमची चूक आहे. पाटी भाच्याने लिहिली, इन्स्टाग्रामही तोच बघतो. त्याच्या मते पाय निमुळते आणि नक्षी नाही, म्हणजे डॅनिश. मला हे पटलेलं नव्हतं, पण मी पाटी काढली नाही. काढायला हवी होती.

मात्र तुम्ही एकाच अभिप्रायात दोन गोष्टी लिहिल्यात. वर लिहिलंत, की साधा देशी माल डॅनिश म्हणून खपवला. खाली लिहिलंत, की डॅनिश असल्याचं आम्हाला मुद्दाम सांगितलं नाही, नाहीतर लाखांत गेला असता. ताई, दोन्ही एकदम कसं खरं असेल? एक काहीतरी ठरवा, मग मी त्याची माफी मागतो.

तो डॅनिश नव्हता. त्या काळच्या बऱ्याच डॅनिश नगांच्या मागे किंवा खाली कारखान्याचा छाप किंवा 'डॅनिश फर्निचरमेकर्स कंट्रोल' या तिथल्या दर्जा तपासणाऱ्या संस्थेचा गोल बिल्ला असतो. तुमच्या साइडबोर्डच्या मधल्या खणाखाली पेन्सिलीने लिहिलेलं सापडलं: 'गिरगाव, १२-३-६४'. म्हणजे मुंबईच्या कुणा सुताराने चित्र बघून केलेलं काम, आणि फार चांगलं काम. डेन्मार्कात साग उगवतच नाही. महायुद्धानंतर तिथल्या सुतारांनी सयाम-ब्रह्मदेशाकडचा साग वापरला, त्याचं जगभर नाव झालं, आणि ती घडण इकडे परत आली आपल्याच लाकडात. मला यात कमीपणा वाटत नाही.

चोवीस वर्षांत माझ्याकडे खरी डॅनिश म्हणावी अशी वस्तू एकदाच आली. तिथले फर्निचर-रचनाकार हान्स वेग्नर यांनी १९४९ मध्ये आखलेली, पाठीला इंग्रजी वाय अक्षरासारखी फळी असलेली खुर्ची, परदेशातून परतलेल्या एका कुटुंबाची. तिची बैठक कागदाच्या दोरीची असते, एका खुर्चीला सुमारे १२० मीटर. एक गृहस्थ ती बघून म्हणाले, "सुतळी काढून नायलॉन लावून द्या, घेतो." मी दिली नाही. त्या महिन्यात भाडं थकलं होतं तरी दिली नाही. हे तुम्हाला सांगायचं कारण एवढंच, की लुटायचंच असतं तर मला संधी नव्हत्या असं नाही.

तुमचा अभिप्राय आल्यापासून दोघांनी ठरलेली खरेदी रद्द केली. एकाने तुमची ओळ फोनवर वाचून दाखवली. आमचं दुकान लहान आहे, दोन मिस्त्री आणि एक मुलगा त्यावर अवलंबून आहेत. तारे वाढवा असं मी म्हणणार नाही. हिशेब वर दिलाय, बिलं दुकानात आहेत, केव्हाही येऊन बघा, चहा घेऊ.

पाट्या बदलायला घेतल्या आहेत, यापुढे 'डॅनिश धर्तीचं, मुंबई' असं काहीतरी लिहू. माल उचलायच्या दिवशी फोन घ्यायला वेगळं माणूस ठेवायचा विचार चालू आहे.

आणखी एक. वरच्या खणाची पितळी चावी "शोधून देते" म्हणाला होतात, ती अजून तुमच्याकडेच आहे. ज्यांनी साइडबोर्ड नेला ते दर आठवड्याला विचारतात. सापडली तर कळवा. मी स्वतः येऊन घेईन, आणि या वेळी दहा म्हणजे दहाला.