हरकती-सूचना मागवायच्या तर कोयते परतल्यावर मागवा

समाजकार्य व्यवसायाला संशोधनाचं धोरण हवं, याबद्दल माझा वाद नाही. कोणत्या प्रश्नांवर काम करायचं, पैसा कुठे घालायचा, निष्कर्ष फिल्डवरच्या माणसापर्यंत कसे न्यायचे, हे कागदावर ठरलेलं बरंच. माझं भांडण आहे ते अशा धोरणाच्या मसुद्यावर लोकांना विचारायच्या पद्धतीशी. ही पद्धत आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. भला मोठा मसुदा पीडीएफ करून संकेतस्थळावर चढवायचा, खाली ईमेल द्यायचा, पंधरा दिवसांची मुदत द्यायची, आणि तीही मार्च एंडच्या तोंडावर. मग 'प्राप्त सूचनांचा विचार करण्यात आला' हे वाक्य टाकलं की धोरण अंतिम. कायद्यांच्या मसुद्यांसाठी केंद्र सरकारने 2014 साली किमान 30 दिवस मसुदा लोकांसमोर ठेवायचं ठरवलं होतं. तेवढे तरी द्या. पण खानदेशात खरा प्रश्न दिवस किती हा नाही, कोणते हा आहे.

दिवाळी झाली की धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, शहादा भागातल्या पाड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या गुजरातकडे आणि इतर कारखान्यांकडे निघतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत परत यायचं नाही. पाड्यावर उरतात म्हातारी माणसं आणि त्यांच्याकडे ठेवलेली पोरं. समाजकार्यकर्ता ज्यांच्यासाठी आहे असं आपण म्हणतो, तेच लोक डिसेंबर ते मार्च गावात नसतात. त्या काळात घेतलेल्या 'लोकसहभागाच्या' बैठकीला येतात सरपंच, ग्रामसेवक, दोन शिक्षक आणि चहा.

सातपुड्यात माणसं सापडतात ती होळीच्या आठवड्यात, भोंगऱ्या बाजाराला. पण तेव्हा ती सणाला आलेली असतात, त्यांच्यापुढे प्रश्नावली धरणं हा आगाऊपणा. खाली तापीकाठच्या गावांत आणि डोंगरातही त्यातल्या त्यात बरा काळ म्हणजे आखाजी (अक्षय्य तृतीया) ते पहिला पाऊस. टोळ्या परतलेल्या असतात, पेरणी सुरू व्हायची असते. शिवाय आखाजीला लेकी माहेरी आलेल्या असतात. माहेरच्या ओट्यावर बसलेली बाई सासरच्या मारहाणीबद्दल जे बोलते ते सासरच्या गावातल्या बैठकीत बोलणार नाही. अडचण एकच, ऊन. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा 44-45 ला टेकतो. बैठक सकाळी नऊच्या आत आटोपायची, नाहीतर दिवेलागणीनंतर घ्यायची. आणि ज्याचा रोज बुडतो त्याला त्या दिवसाची मजुरी द्यायची. प्राध्यापकाला प्रवासभत्ता मिळतो, मग मजुराला का नको?

दुसरी गोष्ट भाषेची. धुळे, साक्री, अमळनेर, पारोळ्याकडे अहिराणी, जामनेर-रावेरकडे तावडी आणि लेवागणबोली, नवापूरला मावची, धडगावला पावरी. यातल्या कुठल्याच बोलीत 'संशोधन धोरण' हा शब्द नाही. लोकांना 'सर्वे' माहीत आहे, आणि सर्वे म्हटलं की रेशनकार्ड नाहीतर घरकुल आठवतं. नर्मदेच्या बुडितातून उठवून बसवलेल्या वसाहतींत तर कागद घेऊन आलेल्या माणसाकडे संशयानेच बघतात. तीस वर्षांत कितीजण माहिती भरून घेऊन गेले आणि परत फिरकले नाहीत. अहिराणी मुलखात हाच सवाल रोकडा येतो: 'तुम्ही सर्वे करी ग्यात, आमले काय भेटनं?' मसुद्याच्या पहिल्या पानावर या प्रश्नाचं उत्तर हवं.

म्हणून मसुद्याची दोन पानांची बोलकी आवृत्ती करायची, सहा-सात मिनिटांचं ध्वनिमुद्रण प्रत्येक बोलीत, त्या बोलीतल्याच माणसाच्या आवाजात. डोंगरात रेंज नसते, तेव्हा लिंक पाठवू नका, फाईल फोनमधून फोनमध्ये जाऊ द्या. सूचनाही तोंडी घ्या. आपल्या विद्यापीठाला ज्या बहिणाबाईंचं नाव आहे त्यांना लिहिता येत नव्हतं, त्या बोलल्या आणि दुसऱ्यांनी उतरवून घेतलं. त्याच मुलखात आपण 'सूचना फक्त लेखी स्वरूपात' म्हणतो.

आता प्रश्न कसे विचारायचे. 'संशोधनाचे प्राधान्यक्रम सुचवा' असं विचारलं की जे उत्तर येतं ते सगळ्यांना पाठ आहे: व्यसनाधीनता, बालविवाह, कुपोषण, बेरोजगारी. हे विषय झाले, प्रश्न झाले नाहीत. आशाताई, अंगणवाडी सेविका, संरक्षण अधिकारी, परिवीक्षा अधिकारी, सिव्हिलमधले समाजसेवा अधीक्षक यांना असं विचारा: गेल्या वर्षभरात कोणत्या तीन केसमध्ये पुढे काय करावं ते कळेनासं झालं? मग खरे प्रश्न पडतात. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचंच बघा. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता 25 टक्के, वाहक असण्याची 50 टक्के. हे सगळे समुपदेशक सांगतात. पण तपासणीचं कार्ड हातात पडल्यावर लग्नाच्या बोलणीत त्या कार्डाचं काय होतं? मुलाचं कार्ड लपतं आणि मुलीचं गावभर होतं का? डाकीण ठरवलेल्या बाईसाठी 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. गुन्हा दाखल होतो, पण सहा महिन्यांनी ती त्याच पाड्यावर, त्याच विहिरीवर पाण्याला जाऊ शकते का, आणि जाऊ शकली तर कुणी काय केलं म्हणून? ऊसतोडीला गेलेल्यांची मुलं हंगामी वसतिगृहात ठेवलेली बरी, की आजीकडे, की फडावर आईजवळ? धोरणात असली वाक्यं हवीत, शेवटी प्रश्नचिन्ह असलेली.

इंग्लंडमध्ये जेम्स लिंड अलायन्स हा संशोधनाचे प्राधान्यक्रम ठरवणारा उपक्रम 2004 पासून हेच करतो. ज्यांना सेवा मिळते आणि जे ती देतात, दोघांकडून प्रश्न गोळा करायचे, ज्यांची उत्तरं आधीच सापडलेली आहेत ते बाजूला काढायचे, उरलेल्यांतून दोन्हीकडच्या माणसांनी एकत्र बसून पहिले 10 निवडायचे. 2018 मध्ये तिथे प्रौढांसोबतच्या समाजकार्यासाठी अशी यादी झाली. पद्धत उचलण्यासारखी आहे, यादी नाही.

आपल्याकडे निवड चिंचोक्यांनी होते, आणि चांगली होते. बारा ते पंधरा प्रश्न, प्रत्येकाचं एक चित्रकार्ड, कार्डामागे एक डबा. प्रत्येकीला दहा चिंचोके. बाया वेगळ्या, बाप्ये वेगळे. उघड्यावर गोणपाटावर मांडलंत तर कारभाऱ्याने पहिला चिंचोका जिथे टाकला तिथेच बाकीचे पडतात, म्हणून झाकणाला भोक पाडलेले डबे, आडोशाला. वीस बाया असतील तर शेवटी 200 भरले पाहिजेत. 214 भरले तर कुणाच्या तरी ओटीत जादा होते, फेरी परत घ्या. मोजणी सगळ्यांसमोर. आणि इथे एक चूक हमखास होते, फक्त बेरीज लिहून घेतात. किती चिंचोके पडले आणि किती जणींनी टाकले, हे दोन आकडे वेगळे लिहा. डाकीणच्या डब्यात 18 पडले पण ते दोघींनीच टाकले असतील, तर नुसत्या बेरजेत तो प्रश्न इतरांसारखाच दिसेल. त्या दोघींनी मात्र आपले जवळपास सगळे चिंचोके तिथे ओतले, ही माहिती बेरजेपेक्षा मोठी आहे. बहुमताने ठरवायचं असतं तर समाजकार्याची गरजच काय होती.

कॉलेजांकडे वळू. जळगाव, धुळे, अमळनेर, चोपडा, तळोदा इथे समाजकार्य महाविद्यालयं आहेत आणि एमएसडब्ल्यूचे लघुप्रबंध दरवर्षी बांधून तयार होतात. 'अमुक तालुक्यातील तमुक महिलांच्या समस्यांचे अध्ययन', पाच प्रकरणं, 50 नाहीतर 60 उत्तरदाते, तेही ओळखीच्या गावातले, टक्केवारीचे तक्ते, शेवटी 'शासनाने जनजागृती करावी'. काळी बाइंडिंग, सोनेरी अक्षरं, कपाट. मुलांना दोष देत नाही, त्यांना साचाच तसा मिळतो. पण त्याच मुलांच्या फिल्डवर्कच्या जर्नलमध्ये, जी गुण देऊन झाल्यावर रद्दीत जातात, भेटीगणिक काय घडलं हे लिहिलेलं असतं. गृहभेट कितवी, दार कुणी उघडलं, नवरा घरात असताना बाई काय बोलली आणि नसताना काय. व्यक्तिसहाय्य कार्याचा, म्हणजे एकेका माणसासोबत केलेल्या कामाचा, असा कच्चा माल आपल्याकडे ढिगाने आहे. धोरणात एक ओळ हवी: जर्नल जपायची, परवानगीने आणि ओळख काढून वापरायची.

ओळख काढणं म्हणजे नाव खोडणं नव्हे. 'अक्राणी तालुक्यातल्या एका पाड्यावरची सोळा वर्षांची, सिकलसेल असलेली, गरोदर मुलगी.' नाव कुठेच नाही, पण खोऱ्यातलं शेंबडं पोरही सांगेल ती कोण. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 74 प्रमाणे मुलाची ओळख पटेल असा तपशील छापता येत नाही, त्यात गाव आणि शाळाही आली. वय, गाव, आजार आणि घटना या चारांपैकी किमान दोन सैल करा: 'पंधरा ते अठरा वयोगट', 'सातपुड्याचा भाग'. संमती फॉर्मवर अंगठा घेतला की झालं, असंही नाही. आज हो म्हणालेली बाई महिन्याने नको म्हणाली तर तिचा कागद कसा आणि कोण काढणार, हे आधी ठरवा. पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) लागू असलेल्या गावांत ग्रामसभेपुढे विषय मांडा, पण ग्रामसभेची परवानगी ही त्या बाईची परवानगी नव्हे.

आणखी एक सावधगिरी. आपल्या व्यवसायाला देशपातळीवर स्वतःची वैधानिक परिषद नाही. 2021 च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात वैद्यकीय आणि मनोरुग्ण क्षेत्रातले समाजकार्यकर्ते आले, बाकीचे बाहेरच. त्यामुळे संशोधनाचा पैसा दवाखान्याकडे झुकणार आणि मुकादम-उचल, वनहक्क, वस्तीतलं संघटन हे 'कार्यकर्त्यांचं काम' म्हणून सुटणार, अशी मला धास्ती आहे. मसुदा हातात आला की आधी निधीचं प्रकरण उघडा, प्रस्तावना नंतर वाचा.

सूचना लिहिताना 'ग्रामीण भागाकडे लक्ष द्यावे' असं मोघम लिहू नका, ते विचारात घेतल्याचं सांगणं फार सोपं असतं. परिच्छेद क्रमांक लिहा, खटकणारं वाक्य जसंच्या तसं उतरवा, त्याखाली तुमचं बदली वाक्य द्या, कारण दोन ओळींत. एका पत्रात एकच मुद्दा. पाच मुद्दे असतील तर पाच पत्रं, नाहीतर एकावर उत्तर येतं आणि चार गिळले जातात. आणि मागणी करा ती पाच रकान्यांच्या तक्त्याची: सूचना क्रमांक, कोणत्या गटाकडून आली, कोणत्या परिच्छेदावर, निर्णय काय, नाकारली असल्यास कारण. अंतिम धोरणासोबत हा तक्ता छापून यायला हवा, आणि त्याचं ध्वनिमुद्रण त्याच बोल्यांत, त्याच फोनवर, पुढच्या दिवाळीत टोळ्या निघायच्या आत.