रिइश्यू निघाला? सुतक असं पाळा

तुम्ही डीजे, आणि वादक चरणजीत सिंग यांची १९८२ची मूळ तबकडी तुमच्या पिशवीत होती. टीबी-३०३ हा बास सिंथेसायझर आणि टीआर-८०८ हे ड्रम मशीन घेऊन, डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग. २०१०मध्ये एका डच रेकॉर्ड कंपनीने ती पुन्हा छापली, म्हणजे रिइश्यू काढला, आणि कालची पोरंही भैरव वाजवू लागली. तुमचा दुर्मीळपणा गेला; सुतक पाळणं आलंच.

आधी तबकडीवरचं लेबल झाका, म्हणजे काय वाजतंय ते कुणाला कळणार नाही. इंग्लंडमधल्या विगन कसिनो या सोल संगीताच्या क्लबचे डीजे हेच करत. फ्रँक विल्सनचं 'डू आय लव्ह यू' तिथे एडी फॉस्टरच्या नावावर वाजायचं. १०० मिमी व्यासाचा पांढरा कागद कापा, मधलं भोक साडेसात मिमीचं. गोंदाचे चार थेंब, तेही कडेलाच. सगळीकडे चोपडलात, तर विकायच्या दिवशी लेबल कागदासकट सोलून येईल. समोरच्याने गाणं ओळखायला मोबाइल वर धरला, की पिच, म्हणजे तबकडीचा वेग, ८ टक्के चढवा. अ‍ॅप बहुधा गोंधळेल. काळी एकचा सा पांढरी दोनच्या पुढे सरकेल, पण इभ्रतीपुढे पट्टीचं काय!

'ओरिजिनलचा आवाजच वेगळा' हे दर तासाला म्हणा. खोटं नाही ते. एका बाजूला पाच राग, पंचवीसेक मिनिटं; खाचा दाटीने कापाव्या लागतात, म्हणून आवाजाची पातळी कमी आणि बास बारीक. ती भरून काढायला मिक्सरवर गेन वाढवला की चरचरही वाढते, स्पीकरची थरथर सुईत शिरते आणि हॉल घुमू लागतो. तीच पन्नास मिनिटं दोन तबकड्यांवर ऐसपैस पसरली की हा त्रास बराच कमी होतो. हे मात्र बोलू नका. त्यापेक्षा मूळ ध्वनिमुद्रणाची मास्टर टेप हरवल्यामुळे जुन्या तबकडीवरूनच उतरवलेला एखादा रिइश्यू शोधा: खरखर काढताना हाय-हॅटही (ड्रमची झांज) गेलेली, आणि वर १८० ग्रॅमच्या जाड तबकडीची फुशारकी. त्यावर मनसोक्त बोला.

किमतीचा विषय टाळा. विल्सनचं ते गाणं ब्रिटनमध्ये १९७९मध्येच पुन्हा निघालं होतं. तरी २००९मध्ये मूळ प्रत २५,७४२ पौंडांना गेली. गाणं घरोघरी पोचलं, म्हणूनच तर मूळ प्रतीमागे माणसं लागली! हे कळलं तर तुमच्या सुतकाला कोण येईल?

आता शेवटचा विधी. क्यू लावताना, म्हणजे गाण्याची सुरुवात नेमकी शोधताना, तबकडी मागेपुढे फिरते, सुईचा तीन-साडेतीन ग्रॅम भार त्याच जागी घासतो आणि गाण्याची सुरुवातच चरचरू लागते. तेव्हा ओरिजिनल कपाटात ठेवा, गुपचूप रिइश्यू घ्या आणि त्यालाच पांढरा कागद लावा. या वेळी गोंद सगळीकडे चोपडला तरी चालेल.